जाळातलं मीठ

निकेश घरतची नोकरी आगीत मीठ घालायची होती.

आगीत तेल ओतायची असती तर लोकांना लगेच समजलं असतं. मीठ म्हटल्यावर समजावून सांगावं लागे, आणि समजावून सांगितल्यावर लोक आणखी घाबरत. पेणची एक सोयरीक याच मुद्द्यावर मोडली. मुलीच्या मामाने विचारलं, "मुलगा करतो काय?" मध्यस्थ म्हणाला, "आगीत मीठ टाकतो, पगारी आहे." मामा उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "मांत्रिकाच्या घरात आमची पोरगी नाय द्यायची."

खरं तर निकेशने आयटीआय केलं होतं. त्याच्या पदाचं नाव होतं ज्वाळा दृश्यता सहायक.

चिरेखार हे त्याचं गाव उरणकडच्या खाडीवर, आगरी वस्तीचं. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला टर्मिनल. भर समुद्रातल्या विहिरींचं तेल आणि गॅस पाइपातून या टर्मिनलात यायचं, आणि जो गॅस वापरता येत नसे तो एका उंच चिमणीच्या टोकावर जाळून टाकत. गाव त्याला नुसतं 'जाळ' म्हणे. तीन पिढ्या तो पेटलेला होता. चिरेखारचे कोंबडे कधीही आरवत, त्यांच्यावर कुणी चिडत नसे. बालवाडीतली पोरं चित्रात सूर्य काढायची तेव्हा त्याला खालून दांडा काढायची. बाई तो खोडायला सांगत नसत, कारण बाईही चिरेखारच्याच होत्या.

मग जिवाणू आले.

विहीर आटली असं लोक म्हणतात तेव्हा ती खरं म्हणजे आटलेली नसते. जमिनीखाली तेलाचं तळं नसतंच. स्पंजात पाणी धरावं तसं खडकाच्या बारीक भोकांत ते धरलेलं असतं. कितीही पिळा, निम्म्याहून जास्त तेल आतच चिकटून राहतं. डॉ. ऋजुता धारप नावाच्या पुण्याच्या बाईंनी त्या उरलेल्या तेलावर जिवाणू सोडायची युक्ती काढली. जिवाणू तिथंच, खडकाच्या पोटात, तेल खाणार आणि हायड्रोजन सोडणार. हायड्रोजन तेवढा वर यायचा. तेलातला कार्बन, ज्याच्यामुळे जगाला ताप चढला होता, तो खालीच गाडलेला राहायचा. आणि हायड्रोजन जळला की त्याचं होतं काय, तर पाणी. धूर नाही, काजळी नाही.

हे ऐकल्यावर हसुराम नाना म्हात्र्यांनी मोर्चा काढला. नाना गावाचे पुढारी. प्रकल्पात स्थानिकांनाच काम मिळालं पाहिजे, यावर त्यांची हयात गेलेली. त्यांची मागणी साधी होती: पुण्याचे जिवाणू चालणार नाहीत.

"आमच्या जमिनी गेल्या, आमची खाडी गेली," नाना माइकवर म्हणाले, "आनि खायाला भायेरचे जंतू? पयला हक्क भूमिपुत्रांचा!"

गंमत अशी, की धारप मॅडमना हे पटलं. पुण्याचे जिवाणू खालच्या खारट पाण्यात पटापट मरत होते. मिठातच जन्मलेले आणि मिठातच वाढलेले जिवाणू हवे होते, आणि ते सापडले नानांच्याच मिठागराच्या चिखलात. मोर्चा जिंकला. नाक्यावर फ्लेक्स लागला: 'भूमिपुत्र जिवाणूंची कायमस्वरूपी नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध सूक्ष्मदर्शकातून काढलेला जिवाणूंचा फोटो, हार घातलेला. बाजूला गॉगल लावलेले नाना.

वर्षभरात जिवाणूंनी बस्तान बसवलं. त्यांना पंप लागत नव्हते, कँटीन लागत नव्हतं, पंधरा दिवस समुद्रावर आणि पंधरा दिवस घरी अशी पाळी लागत नव्हती. वेल्डर, फिटर, स्वैपाकी, बोटीवरचे खलाशी, एकेक करून सगळे घरी आले. बायकांना लग्नानंतर पहिल्यांदाच नवरे अख्खा महिनाभर दिसू लागले. काहींना ते आवडलं नाही. नानांचे दोन्ही मुलगे ओट्यावर बसून राहू लागले, आणि नाना नाक्यावरच्या विटलेल्या फ्लेक्ससमोर उभे राहून पुटपुटत, "माज्याच आगरातली निघाली, हरामखोर."

आणि एका सकाळी जाळ दिसेनासा झाला.

तो विझला नव्हता. चुलीची ज्वाळा पिवळी दिसते ती तिच्यातल्या काजळीचे कण तापून चमकतात म्हणून. हायड्रोजनमध्ये काजळीच नाही, म्हणून त्याची ज्योत जवळपास दिसतच नाही. भर उन्हात तर मुळीच नाही. चिमणीच्या टोकावर पहिल्याइतकाच भयंकर विस्तव होता आणि वर नुसतं निळं आभाळ. गाव भेदरलं. मग नानांच्या अंगणात एक बगळा पडला. भाजलेला. दुसऱ्या दिवशी दोन कबुतरं. नानांचा धाकटा म्हणाला, "कंपनीनं रेशन चालू केलं जनू," आणि कुणी हसलं नाही.

त्यावर उपाय म्हणून मीठ. भाताचं पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडलं की निळी ज्योत पिवळीधमक होते. ते त्या पाण्यातलं मीठ असतं. तसंच मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा जाळाच्या मुळाशी सोडायचा. पक्ष्यांना आग दिसेल, होड्यांना खूण राहील. मीठ मात्र चिरेखारचंच, हे नानांनी लावून धरलं. त्यांच्या आयुष्यातली ती शेवटची जिंकलेली मागणी. आणि फवाऱ्यावर माणूस म्हणून निकेश चिकटला.

या जागेसाठी चाळीस अर्ज आले होते. इतरांना नोकरी हवी होती. निकेशला जाळ हवा होता, म्हणजे त्याच्या आईला हवा होता.

निकेशचा मोठा भाऊ रोहिदास, त्याचा दादूस, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर फिटर होता. जिवाणू यायच्या आधीच्या एका पावसाळ्यात पाळी संपवून घरी येताना, प्लॅटफॉर्मवरून बोटीत पाय टाकायच्या क्षणी लाट आली आणि बोट हातभर सरकली. तेवढंच झालं. दादूस सापडला नाही. पाणबुडे उतरले, कोळ्यांनी जाळी टाकली, काही नाही.

देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजी दर्भ घेऊन आलेसुद्धा. जयवंतीबाय, म्हणजे निकेशची आई, उंबऱ्यातच उभी राहिली.

"माजा पोऱ्या गवताचा नव्हता," ती म्हणाली.

"वहिनी, अग्नी द्यावाच लागतो."

तिने खाडीपलीकडे बोट दाखवलं. "त्यो जाल कुठनं येतंय? त्याच दर्यातनं ना? रोही त्याच दर्यात गेला. पेटलीय त्याची चिता. विजली का सांगा, मंग पुढचं करू."

भटजींनी थोडा वेळ जाळाकडे पाहिलं. शास्त्रात याविरुद्ध काही सापडेना, तेव्हा ते चहा पिऊन गेले.

तेव्हापासून रोहिदासची चिता पेटलेली होती. चिता विझल्याशिवाय पिंड ठेवत नाहीत, म्हणून पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही, काहीच पुढे सरकलं नाही. निकेशचे वडील त्याच हिवाळ्यात गेले. त्यांचं सगळं यथासांग झालं, कावळासुद्धा चटकन शिवला. वडिलांना आयुष्यभर कशाची घाई नव्हती.

जयवंतीबाय रोज तिन्हीसांजेला मुठीत मीठ आणि मोहरी घेऊन अंगणात उभी राही आणि जाळाकडे तोंड करून ती ओवाळी. दृष्ट काढायची. लहानपणी दोन्ही पोरांची काढायची तशीच, फक्त आता एकाचीच.

"आय, मेलेल्याला कोन नजर लावनार?" निकेशने एकदा विचारलं.

"रोही देखना होता," ती म्हणाली. "लांबून पन दिसतंय."

"आनि माजी?"

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला कोन नजर लावनार, बाबा?"

हे ती थट्टेने म्हणाली. तरी निकेशच्या ते लक्षात राहिलं.

ओवाळलेलं सगळं विस्तवात टाकावं लागतं. मोहरी तडतडली की नजर जळाली. पण चिरेखारच्या एकाही घरात आता विस्तव नव्हता. गॅस गेला, शेगड्या गेल्या, सरकारी योजनेतून घरोघर इंडक्शन आलं. देवापुढेसुद्धा बॅटरीची समई. तालुक्यात उघडा जाळ एकच उरला होता. म्हणून ती ते पुडीत बांधून निकेशच्या डब्यासोबत देई, आणि निकेश कामावर जाऊन पुडी मिठाच्या टाकीत सोडी.

सुरुवातीला तो मोहरीसकट सोडायचा. फवाऱ्याचं तोंड तुंबलं. आत राईचे दाणे सापडले, चौकशी समिती बसली, आणि ते पक्ष्यांच्या विष्ठेतून आले असावेत असा निष्कर्ष तिने एकमताने काढला. त्यानंतर निकेश मोहरी वेगळी करून खिशात ठेवू लागला. पावसाळ्यात खुंटीवर दमट राहिलेल्या त्याच्या पॅन्टच्या खिशाला एकदा हिरवे कोंब आले. आईने ते पाहिले आणि पॅन्ट उन्हात टाकली.

ते दिवस तसे बरे होते. भाऊ जळत होता, निकेश त्याला रंग देत होता, आणि आई समाधानाने पाहत होती. कधी कामावरून परतताना निकेश पुलावर थांबून स्वतःचं काम बघे. ती पिवळी ज्वाळा त्याच्या हातची होती. आई तासभर तिच्याकडे बघत बसे. त्याच्याकडे ती जेवण वाढण्यापुरतं बघे.

माघात धारप मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम मऊ स्वभावाच्या होत्या. वाईट बातमी देताना त्या आधी खायला देत. टेबलावर बाकरवडी होती.

"निकेश, घे ना."

निकेशने बशी पाहिली आणि तो खुर्चीत बसला. "जाळ बंद करनार?"

"हायड्रोजन इतका महाग, आपण तो आभाळात जाळतोय. आता सगळाच साठवता येतो." त्यांनी बशी पुढे सरकवली. "काकीनाड्याला आता जिवाणू सोडतायत. तिथला जाळही काही वर्षं राहील, त्याला मीठ लागेलच. हे काम येणारा माणूस देशात एकच आहे. तू जाशील?"

"आयला सोडून नाय जमनार."

"त्यांनाही घेऊन जा."

"ती नाय येनार, मॅडम. तिचं माणूस आहे इकडे." मॅडमशी बोलताना त्याची भाषा अधूनमधून शहरात जाऊन येई.

मॅडमना रोहिदासचं माहीत होतं. साऱ्या टर्मिनललाच माहीत होतं. त्यांनी विचारलं, "त्यांना तू सांगणार, की मी येऊ?"

"मीच सांगतो," निकेश म्हणाला.

जाळ बंद झाला तेव्हा झडपेचं चाक फिरवायचा मान नानांना दिला. नानांनी नारळ फोडला, चाक फिरवलं, आणि वर बघून कुणाला तरी विचारलं, "संपलं?" पिवळा रंग आत ओढल्यासारखा गेला. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

निकेश घरी आला तेव्हा आई अंगणात उभी होती. मूठ वळलेली, तोंड खाडीकडे.

"जाल कुठंय रं?"

वाटेत त्याने वाक्य तयार केलं होतं. 'आय, विझला, आता दादूसचं उरकून टाकू.' सोपं वाक्य होतं. पण आईच्या मुठीतून मिठाचे चार दाणे निसटले, ते तिने वाकून एकेक करून टिपले, आणि निकेशच्या तोंडून दुसरंच निघालं.

"हाय की. मीठ बंद केलं कंपनीनं. दिसत नाय एवढंच."

"जलतंय?"

"जलतंय."

"पयल्यासारखा?"

"पयल्यासारखा, आय."

तिने मान डोलावली. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे, हे तिला देवाच्या बाबतीत लहानपणापासून माहीत होतं. तिने रिकाम्या चिमणीकडे तोंड करून मूठ ओवाळली आणि पुडी बांधली.

निकेश रोज पुडी घेऊन निघायचा. टाकी उपसलेली, फवारा उतरवलेला, त्याला गोदामात लोखंड मोजायला बसवलेलं. पुड्या तो तिथल्या कपाटात ठेवू लागला. कपाट भरत आलं. काकीनाड्याला तो नाही म्हणून आला होता. कुणी त्याची जागा भरली नव्हती. गावाला तर सगळंच माहीत होतं, पण जयवंतीबायला कुणी काही बोललं नाही. चिरेखारमध्ये एक गोष्ट तीन दिवस लपत नाही, ही महिना उलटेपर्यंत लपली. नाना तर येता-जाता मोठ्याने म्हणायचे, "काय धग मारतंय आज जाल!" आणि घाम पुसायचे. फाल्गुन होता, घाम खराच असे.

पाडवा झाल्यावरच्या एका सकाळी निकेश डबा घ्यायला अंगणात आला. आई उभी होती. ही तिची वेळ नव्हती.

"निक्या, इकरं ये."

तो गेला.

"त्यो बग."

चिमणीच्या अगदी टोकावर, जिथं तीन पिढ्या विस्तव होता तिथं, एक कावळा बसला होता. त्याने एकदा मान तिरकी केली, चोच लोखंडावर दोन्हीकडून घासली आणि पंख साफ करायला घेतले. त्याला अजिबात घाई नव्हती.

निकेशला बगळा आठवला. कबुतरं आठवली. आईलाही आठवली असणार, कारण ती म्हणाली, "जलला नाय."

निकेशने ओट्यावरचा डबा उचलला.

"कवा विजली?"

"शिवरात्रीच्या आधी."

ती हिशेब करत राहिली. तो ओरडा खायला तयार होऊन उभा राहिला. एकतीस वर्षांचा, ब्याण्णव किलोचा, हातात डबा.

"माज्याशी खोटं बोललास त्याचं काय नाय," ती म्हणाली. "त्याला ताटकलत ठेवलास."

"आय, मना वाटलं तू..."

"पिंड नाय, पान नाय, भात नाय. तरी आला." ती कावळ्याकडेच पाहत होती. "उपाशी शिवला रं त्यो."

कावळ्याने विष्ठा टाकली आणि तो मिठागरांच्या दिशेने उडून गेला. मग ती खाली बसली, अंगणातच, आणि रडली. इतकी वर्षं चितेपुढे उभी असल्यामुळे तिला ते जमलं नव्हतं. निकेश डबा घेऊन शेजारी बसला. थोड्या वेळाने नाना कुंपणाशी आले, "काय धग..." म्हणाले, आणि पुढचं गिळून चप्पल न वाजवता परत गेले.

दादूसचं सगळं केलं. भटजी आले, ते आता म्हातारे झाले होते. निकेशने कपाटातल्या सगळ्या पुड्या आणल्या, आणि राख म्हणून दुसरं काहीच नसल्यामुळे ते मीठ खाडीत सोडलं. मोहरी तरंगत राहिली, ओहोटी लागली तशी गेली.

चैत्र संपता संपता मॅडमनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी आईच म्हणाली, "जा."

निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. निकेशने बॅग उचलली.

"थांब," आई म्हणाली. "उबा रा. तोंड तिकरं कर. उगवतीला."

ती आतून मूठ वळून आली. त्याला कळायच्या आत तिने त्याच्या डोक्यावरून खांद्यापर्यंत, खांद्यापासून पायापर्यंत मूठ फिरवली, तोंडाने पुटपुटत. आल्यागेल्याची, शेजारच्या-पाजारच्याची, दर्याची. दर्याची तिने दोनदा म्हटली. मग थांबली आणि त्याच्याकडे पाहत राहिली, पार आत जाऊन पाहिल्यासारखी.

"कवरा सुकला रं माजा पोऱ्या."

ब्याण्णव किलोच्या निकेशने मान खाली घातली.

ती लगबगीने घरात गेली. विस्तवात टाकायला हवं होतं, लगेच. तिने इंडक्शन लावलं आणि काचेवर मूठ उघडली. यंत्र दोनदा पीं पीं करून गोड आवाजात म्हणालं, "कृपया भांडं ठेवा." मोहरी थंडच. तिने सगळं बोटांनी गोळा करून पुन्हा मुठीत घेतलं, बाहेर आली, आणि सवयीने चिमणीकडे वळली. तिथं आभाळ होतं.

"खाडीत टाक, आय," निकेश म्हणाला.

"मीठ मिठात टाकून नजर जाते व्हय?"

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"काकीनाड्याला हाय ना जाल?" तिने विचारलं.

"हाय. त्यातच मीठ टाकायला चाललोय."

"मंग तुज्याकडं देऊ नाय शकत," ती म्हणाली. "ज्याची काढली त्यानं हात लावायचा नसतो. तू जा. मी बगते कुठं टाकायचं."

तो रिक्षात बसला. रिक्षा मिठागरांच्या बांधावरून वळली तेव्हा त्याने मागे पाहिलं. दृष्ट काढल्यावर मागे बघायचं नसतं, तरी पाहिलं. आई रस्त्यात उभी होती. एका हाताने तिने टाटा केला. दुसऱ्या हाताची मूठ तशीच घट्ट मिटलेली होती.